कुलूपबंद घरांचे जबाब

दार लावून घ्या. मोबाइल पिशवीत टाका, वह्या मिटा. आज लिहून घेण्यासारखं काही सांगणार नाही, मुकाट्यानं ऐकण्यासारखं सांगणार आहे.

टेबलावर तुमचे तीनशे साठ फॉर्म आहेत. चोवीस जण, बारा जोड्या, बारा गावं, गावागणिक तीस घरं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात गेलात, चार दिवसांनी परतलात आणि गठ्ठे बांधून माझ्या खोलीत आणून ठेवलेत. त्यातले चार गठ्ठे मी वेगळे काढलेत. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही. तीस घरांत एकही घर बंद सापडलेलं नाही. एकाही बाईनं ‘हे नाही सांगायचं मला’ म्हटलेलं नाही. पहिला गठ्ठा संपायच्या आतच माझ्या मनात पाल चुकचुकली.

डिसेंबर महिना, बीड जिल्हा, आणि एकही घर बंद नाही.

जाण्याआधी याच फळ्यावर मी तुम्हाला लिहून दिलं होतं. दसरा-दिवाळी उरकली की या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगावर काम करून फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ट्रकमध्ये गोधड्या, भांडी, पत्र्याची पेटी, एखादी शेळी, आणि त्यावर तान्ही पोरं. मागे गाव राहतं ते म्हाताऱ्यांचं आणि शाळेच्या पोरांचं, पार पाडव्यापर्यंत. अशा गावात तुम्हाला तीसच्या तीस घरांत पंचविशी-तिशीतली जोडपी दिवसाढवळ्या घरी भेटली, त्यांनी पंचेचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली, दंडाला पट्टा बांधू दिला. कोणाचे जबाब आहेत हे? कुलपांचे?

चोरी कशी सापडते हेही तुमच्या अभ्यासक्रमातच आहे, पण तुम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलंत, म्हणून सांगते. रक्तदाबाचं यंत्र तुम्हाला डिजिटल दिलं होतं. ते १२७ दाखवतं, १३४ दाखवतं, ८३ दाखवतं. शेवटचा आकडा शून्यच यावा असं त्याला काही कारण नसतं. सातव्या गावाच्या तीस फॉर्मांत बावीस जणांचा रक्तदाब १२०/८० आहे आणि उरलेल्या आठांचा १३०/८०. वयांचं नेमकं उलट झालंय. खऱ्या गावात वयं पाचाच्या नि दहाच्या पटीत गोळा होतात. ‘चाळीस धरा’, ‘पन्नाशी असंल’ असंच लोक सांगतात, आणि म्हणून तर मी तुम्हाला प्रसंगांची यादी दिली होती: बहात्तरच्या दुष्काळात चालत होतात का, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी पहिलं मूल झालं होतं का. तुमच्या फॉर्मांत वयं २७, ३१, ३४, ३८ अशी एकसारखी पसरलीत. गाव असं बोलत नाही. मुक्कामाच्या खोलीत बसून आकडे सुचवणारा माणूस असं बोलतो.

तरी मी तेव्हा तोंड उघडलं नाही. नुसत्या कागदावरून कोणाला खोटं ठरवू नये, ही सवय मला माझ्या शिक्षकांनी लावली. मागच्या शनिवारी रात्रीची एसटी धरली आणि रविवारी सकाळी सातव्या गावात उतरले. तुमचा चौदा नंबरचा फॉर्म पिशवीत होता.

पत्र्याचं घर. दाराला पितळी कुलूप, आणि त्या कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं. लागूनच एक पडवी, तिच्यात एक आजी परातीत हरभऱ्याचा पाला निवडत बसलेली, शेजारी चार-पाच वर्षांची नात. मी विचारलं, ‘आजी, मागच्या महिन्यात पुण्याची पोरं-पोरी आली होती का, बीपी बघायला?’

‘न्हाई बाई. हितं कोण येतंय?’

‘सूनबाई कुठायत?’

‘कारखान्याला. दिवाळी झाली तवाच गेली दोघं. दोन जिवाची हाय ती. म्या म्हणलं, औंदा नगं जाऊस. पर उचल घेतलीया, बसून कसं भागंल?’

आता फॉर्म वाचते. मुलाखत देणारी व्यक्ती: सून. वय: २९. रक्तदाब: १२०/८०. सध्या गरोदर आहे का: नाही. गेल्या वर्षात कामासाठी स्थलांतर: नाही. गर्भपिशवी काढली आहे का: नाही. खाली दोघांच्या सह्या.

तिथून मी गावच्या आशाताईंकडे गेले. दहावीपर्यंत शिकलेली बाई. वहीच्या कडा फुगलेल्या, वर जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. त्या घराची ओळ तिनं शोधून काढली, नावावर तळवा ठेवला आणि मग मला वाचू दिलं: सहावा महिना, कारखान्यावर, कार्ड सोबत दिलं, लोहाच्या गोळ्या बांधून दिल्या. त्याच पानावर आणखी अकरा ओळींपुढे तांबड्या पेनानं ‘स्थलांतरित’ लिहिलेलं. गावात गर्भपिशवी काढलेल्या किती बायका, हेही मी विचारलं. तिनं आकडा सांगितला, नावं सांगितली नाहीत. मीही विचारली नाहीत. तो आकडा शून्य नाही. तुमच्या तीस फॉर्मांवर तीस वेळा ‘नाही’ लिहिलंय.

कामागणिक मोबदला मिळवणारी ती बाई परक्या माणसापुढे शेजारणीचं नाव तळव्याखाली झाकते. आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तुम्ही त्याच शेजारणीच्या नावानं खोटा जबाब लिहिता. हा फरक माझ्या डोळ्यांपुढून गेला आठवडाभर हललेला नाही.

तुमच्यातलाच एक जण परवा जिन्यात म्हणत होता, ‘मॅडम उगाच ताणतायत, हा डेटा प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरता आहे.’ मी ऐकलं. तर त्याचं उत्तर. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. तुमच्या सॅम्पलिंगच्या जाड पुस्तकाचं सार त्या तीन शब्दांत आहे. पण त्या म्हणीत एक अट गृहीत धरलेली आहे: शीत त्याच पातेल्यातलं असलं पाहिजे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मी शब्द दिला होता की या बारा गावांचा गोषवारा त्यांना देईन. त्यांच्याकडे माणसं कमी, गाडी एकच, गोळ्यांचा साठा मोजका. कारखान्याच्या तळावर किती गरोदर बायका निघून गेल्यात, हे कळलं तर ते तिकडच्या तालुक्याला कळवू शकतात, कार्डाची पुढची तारीख चुकणार नाही याची काळजी घेऊ शकतात. तुमचे फॉर्म तसेच बेरजेत गेले असते तर त्यांना कळलं असतं की स्थलांतर जवळजवळ नाही, गरोदर बायका गावातच आहेत, रक्तदाब उत्तम आहे. सगळं ठीक आहे असं सांगणारा कागद गेला असता आणि त्या कागदाखाली ती सहाव्या महिन्याची बाई दिसेनाशी झाली असती. एक खोटं घर लिहिलंत की तुम्ही एका घराबद्दल खोटं बोलत नाही. ते घर ज्या शेकडो घरांच्या वतीनं उभं असतं, त्या सगळ्यांबद्दल बोलता.

आणि गर्भपिशवीचा प्रश्न त्या फॉर्मात मी हौसेनं घातला नव्हता. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक. त्यात तिशी-पस्तिशीच्या आतल्या किती तरी. पाळीच्या दिवसांत काम बुडालं तर खाडा लागतो, खाड्याचे पैसे कापले जातात. तळावर संडास नाही, पाणी नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडून येते म्हणून ती दवाखान्यात जाते, तिथं तिला कॅन्सरची भीती घातली जाते, मग ती कर्ज काढून पिशवी काढून येते. वरून ते कर्ज फेडायला पुन्हा कोयता. हा आकडा बाहेर आला तो कोणी तरी ८२,३०९ बायकांपर्यंत पोचलं, त्यांच्यासमोर बसलं आणि विचारलं म्हणून. त्या पाहणी करणाऱ्यांनी तुमच्यासारखं ‘नाही, नाही, नाही’ लिहिलं असतं तर आज आपल्याला बीडमध्ये हे किती जणींच्या बाबतीत झालंय हेच माहीत नसतं.

याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर जगभर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब चालला होता. बाकीचं दुखणं नव्हतंच, कारण ते कोणी मोजलं नव्हतं. राणी आणि अभय बंग, दोघंही जॉन्स हॉपकिन्समधून तुम्ही शिकता तीच सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आले होते. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करणारे रजनीकांत आणि मेबल आरोळेही तिथलेच. जामखेड तर तुमच्या गावांपासून दूरही नाही, शेजारच्या जिल्ह्यात आहे. आरोळ्यांनी गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं आणि त्या बायकांनी ते चोख केलं.

म्हणून ‘आम्हाला जमलं नाही’ हे माझ्यासमोर बोलू नका. एसटी दिवसातून एकदाच होती, जेवायची आबाळ झाली, कुत्री अंगावर आली, एकीला ताप भरला. हे सगळं मला कळतं. ताप भरलेल्या मुलीला मी फोनवरच परत यायला सांगितलं असतं. दहाच घरं झाली असती तर दहा फॉर्म घेतले असते. घर बंद असेल तर ‘बंद’ असा रकाना फॉर्मात मीच छापून घेतला होता. तो कोरा ठेवायला नव्हता छापला. वीस घरं ‘बंद, कारखान्यावर’ असं लिहून तुम्ही आला असतात तर तोच त्या गावाचा सर्वांत मोठा निष्कर्ष होता. तुम्ही तो डोळ्यांनी पाहिलात, कुलपांच्या रांगेपुढून चालत गेलात, आणि संध्याकाळी बसून पुसून टाकलात.

बंद घराचं महत्त्व काय, हे मला कोणी शिकवलं ते सांगते. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी नोकरीत नवी होते. बुथच्या दिवसानंतर घरोघरी फिरायचं, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला डोस मिळालाय याची खात्री करायची, डाव्या करंगळीच्या नखावरची शाई बघायची आणि घराच्या भिंतीवर खडूनं खूण करायची. सगळी मुलं झाली असतील तर ‘पी’. एकही राहिलं, घर बंद असलं, पाहुण्याकडे गेलं असलं, आईनं नकार दिला, तर ‘एक्स’. एका वस्तीवर ऊन चढलं होतं, पायात फोड आले होते. शेवटच्या घरी बाई म्हणाली, धाकटा आईबरोबर रानात गेलाय, त्याला डोस दिलाय काल. मी भिंतीवर ‘पी’ लिहिलं.

तिसऱ्या दिवशी आमचे वरिष्ठ फेरतपासणीला गेले. त्यांनी त्या पोराची करंगळी बघितली. कोरी होती. मला त्यांनी सगळ्यांदेखत एवढंच विचारलं, ‘तुम्ही नख पाहिलं होतं?’ मी खाली बघितलं. ‘मग आता जा आणि पाहा.’ सात किलोमीटर मी चालत गेले, ओल्या फडक्यानं तो ‘पी’ पुसला, पोराला डोस पाजला, नखाला शाई लावली. त्या पोराला पुढे काहीही झालं नाही. झालं असतं तर मी आज तुमच्यापुढे उभी राहू शकले नसते, हे मला तेव्हापासून रोज माहीत आहे.

२००९ साली या देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात. मार्च २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. लस चांगली होती, पैसा होता, हे खरंच. पण लस पोचली ती ‘एक्स’मुळे. लाखो बायकांनी, अंगणवाडी ताईंनी, नर्सबाईंनी भिंतीवर ‘इथं माझं काम झालेलं नाही’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी पुन्हा गेल्या. तुमच्या चार गठ्ठ्यांत मला एकशे वीस ‘पी’ दिसतात.

जॉन स्नोचा नकाशा तुम्ही सगळ्यांनी परीक्षेत काढलात. लंडन, १८५४, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, ठिपके. दहापैकी नऊ-नऊ मार्क मीच दिलेत. पण त्याच वर्षी त्यानं दक्षिण लंडनमध्ये त्याहून मोठं काम केलं, ते कोणी धड लिहिलं नाही. तिथं एकाच गल्लीत दोन कंपन्यांचं पाणी येत होतं. लॅम्बेथ कंपनी थेम्सचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला उचलायची, सदर्क अँड वॉक्सॉल कंपनी शहराची घाण मिसळल्यावर उचलायची. ज्या घरात पटकीनं माणूस गेलं त्या घरी जाऊन विचारायचं, तुमच्याकडे पाणी कुठल्या कंपनीचं? पुष्कळांना सांगताच येईना, पाणीपट्टी घरमालक भरत होता. मग स्नोनं काय केलं? अंदाज लिहिला? शेजारच्या घराचं उत्तर उतरवलं? त्यानं घरातलं पाणी बाटलीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून मिठाचं प्रमाण पाहिलं, कारण खालच्या अंगाच्या पाण्यात भरतीबरोबर मीठ कितीतरी पट जास्त येत होतं. न मिळालेल्या उत्तरासाठी त्यानं इतका खटाटोप केला. म्हणून शेवटी तो छातीठोकपणे सांगू शकला की एका कंपनीच्या दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू आणि दुसरीच्या ३७. जंतू त्यानं पाहिला नव्हता. त्याच्याकडे होता तो फक्त खरेपणानं भरलेला रकाना. तुमच्या शास्त्राकडे अजूनही तेवढंच आहे. सर्जनकडे सुरी असते, तिची चूक टाक्यांत दिसते. तुमची चूक कुठंच दिसत नाही, ती टक्केवारीत विरघळते, आणि म्हणूनच तुम्हाला सर्जनपेक्षा जास्त सचोटी लागते.

उरलेल्या आठ जोड्यांनी मान वर करून बसू नये. तुम्ही घरोघर गेलात, हे मला मान्य आहे. पण एकाच मुक्कामाला उतरला होतात, शेजारच्या खाटेवर बसून कोण काय लिहितंय ते तुम्हाला दिसत होतं. एकानंही मला फोन केला नाही. मैत्री सांभाळलीत. ज्यांची मैत्री नाही, ज्यांना तुमचं नावही माहीत नाही, अशा माणसांच्या बाजूनं उभं राहणं हाच तुमचा पेशा होणार आहे, आणि पहिल्याच वेळी तुम्ही पाठ फिरवलीत.

तुमच्यातल्या तिसऱ्या आणि अकराव्या जोडीला आणखी एक सांगायचंय. तुम्ही गर्भपिशवीचा प्रश्न चावडीवर, सासऱ्या-दिरांसमोर, उभ्या-उभ्या विचारलात. मला सरपंचीणबाईंचा फोन आला होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी प्लेग कमिशनर रँडच्या हुकमानं गोरे सोजीर घरात घुसले, माजघरापर्यंत गेले. हेतू रोगी शोधण्याचा होता. झालं काय, लोक रोगी लपवायला लागले. त्याच शहरात, त्याच महिन्यांत सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून आणत होत्या आणि त्यातच १० मार्चला प्लेगनं गेल्या. दारात कसं उभं राहायचं यावर दार उघडतं की बंद होतं ते ठरतं. बाईला असलं विचारायचं असेल तर मुलीनं विचारायचं, बाईला एकटीला गाठून, बसून, आधी इकडचं-तिकडचं बोलून. तिनं नकार दिला तर आभार मानून उठायचं.

आता ज्यासाठी मी ही बैठक एक दिवसही पुढे ढकलली नाही, ते. गेल्या मंगळवारी माझ्या मेलवर शिफारसपत्राची विनंती आली. परदेशी विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी. सोबत दोन पानी निवेदन. त्यात एक वाक्य आहे, दुर्गम दुष्काळी भागातल्या तीस कुटुंबांची मी प्रत्यक्ष भेट घेऊन पाहणी केली आणि त्या अनुभवानं माझं आयुष्य बदललं. पाठवणाऱ्यानं मला भेटायला यावं, नाव मी इथं घेणार नाही. पत्र मी देणार नाही. कोळ्याचं जाळं लागलेल्या त्या कुलपाची कहाणी तुम्ही समुद्रापलीकडे विकायला काढलीत, आणि त्यावर माझी सही हवी आहे.

परदेशी जाऊ नका असं मी कधीच म्हटलं नाही. बंग गेले होते, आरोळे गेले होते. पीजीची सीट हुकली म्हणून इथं आलात, दातांच्या दवाखान्याला भांडवल नव्हतं म्हणून आलात, आयुर्वेदाची पदवी घेऊन पुढे काय ते सुचेना म्हणून आलात, यातलं काहीही मला चालतं. कोणत्या दारानं आलात याची झाडाझडती मी कधी घेतलेली नाही. पण आत आल्यावर या विषयाला दुय्यम समजायचं, खऱ्या डॉक्टरीचा हा उतारा आहे असं मनात धरून पाट्या टाकायच्या, हे मी खपवून घेणार नाही. एक डॉक्टर खाटेवरच्या रोग्याशी खोटं बोलला तर रोगी त्याला जाब विचारू शकतो. तुम्ही ज्यांच्याशी खोटं बोललात ती माणसं या घडीला कुठल्या तरी फडात ऊस तोडतायत आणि त्यांना हे कधी कळणारही नाही.

शिक्षा काय, ते ऐका. चारही जोड्यांना या कामाचे गुण शून्य, आणि ते शून्य का, हे विभागाच्या नोंदवहीत लिहिलं जाईल. उरलेल्या आठ जोड्यांनी आपापल्या गावांतली दहा-दहा घरं अदलाबदल करून पुन्हा तपासायची. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मी काल फोन करून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. ‘बरं झालं आधी कळलं’ एवढंच म्हणाले, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

उद्या पहाटे पाचला गाडी निघेल. चार जोड्या माझ्याबरोबर. गावाला नाही, गावात कोणी नाही. कारखान्याच्या पट्ट्यात टोळ्यांचे तळ कुठं पडलेत त्याची यादी मी आशाताईंकडून घेतली आहे. दिवसा तिथं जायचं नाही, माणसं फडात असतात आणि त्यांचा वेळ बुडवायचा तुम्हाला अधिकार नाही. अंधार पडल्यावर, कोप्यांपुढे चुली पेटल्या की जायचं. बाई भाकरी थापत असेल तर बाजूला जमिनीवर बसायचं आणि तिचं थापून होईपर्यंत थांबायचं. यंत्रावर जो आकडा येईल तो लिहायचा. नाही म्हणाली तर ‘नकार’. सापडली नाही तर ‘एक्स’, आणि परवा पुन्हा. कोरे फॉर्म इथं ठेवलेत, मोजून घ्या आणि माझ्यासमोर सही करा.

सातव्या गावाची जोडी, तुम्ही दोघं पुढे या. हे कापडी पुडकं धरा. खारीक-खोबरं आहे, चौदा नंबरच्या फॉर्मवरल्या आजीनं निघताना माझ्या पिशवीत घातलं, सुनेपर्यंत पोचवा म्हणाली. तळाचा पत्ता आणि टोळीच्या मुकादमाचं नाव आतल्या चिठ्ठीवर आहे. आधी हे तिच्या हातात द्या. पेन त्यानंतर काढा.